‘टेल’, टेलर आणि तुला: एका व्युत्पत्तीचा प्रतिवाद

इंग्रजीतील ‘टेल’ या क्रियापदाविषयी एक मजकूर बराच फिरतो आहे. ‘टेल’चा मूळ अर्थ केवळ ‘सांगणे’ असून, ग्राहकाला शिल्लक सांगणारा म्हणून बँकेतील कर्मचारी ‘टेलर’ झाला आणि त्याच्यामुळेच या क्रियापदाला मोजण्याची छटा आली, असे त्यात म्हटले आहे. ‘टॅली’ आणि कपडे शिवणारा ‘टेलर’ हे याच शब्दाचे भाऊबंद, आणि या सर्वांचे मूळ संस्कृतातील ‘तुल्’, म्हणजे तोलणे, असेही तो मजकूर ठामपणे सांगतो. मोजणे आणि सांगणे यांचा संबंध आहे, एवढेच त्यात खरे आहे.

बँकेची गोष्ट उलटी आहे. प्राचीन इंग्रजीतील ‘टेलन’ या क्रियापदात मोजणे, गणती करणे, लेखणे आणि कथन करणे हे सारे अर्थ एकत्र नांदत होते, आणि तेव्हा आजच्या अर्थाची बँक अस्तित्वातच नव्हती. भगिनीभाषाही हीच साक्ष देतात: जर्मन ‘त्सेलन’ म्हणजे मोजणे, तर त्यालाच उपसर्ग लागून झालेले ‘एरत्सेलन’ म्हणजे गोष्ट सांगणे, डच भाषेत ‘टेलन’ आणि ‘फरटेलन’ ही जोडी नेमके तेच काम करते. 1611 साली प्रसिद्ध झालेल्या बायबलच्या इंग्रजी भाषांतरात देव अब्रामाला आकाशातील तारे मोजून पाहायला सांगतो, तेथे क्रियापद ‘टेल’ हेच आहे. आणि त्याच बायबलमधील ‘निर्गम’ या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात ज्याला विटांची ‘टेल’ (tale, याच कुळातले नाम) म्हटले आहे ती विटांची कहाणी नसून त्यांची ठरलेली संख्या आहे. आजच्या इंग्रजीतही हा अर्थ लोपलेला नाही. ‘ऑल टोल्ड’ म्हणजे सगळे धरून, ‘अनटोल्ड वेल्थ’ म्हणजे अगणित संपत्ती, आणि जपमाळेचे मणी ओढण्यालाही ‘टेल’च म्हणतात. ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये मतविभागणीच्या वेळी मते मोजणाऱ्या सदस्यांनाही ‘टेलर’ म्हणतात, आणि ते कोणाला शिल्लक सांगत नाहीत. बँकेतला टेलर पैसे मोजणारा म्हणून टेलर आहे.

कपडे शिवणाऱ्या टेलरविषयीचा घोटाळा बहुधा देवनागरीने केला आहे, कारण दोन्ही शब्द आपण सारखेच लिहितो. इंग्रजीत त्यांची वर्णरचना वेगळी आहे. शिंपी या अर्थाचा शब्द जुन्या फ्रेंचमधील ‘कापणे’ या अर्थाच्या क्रियापदावरून आला, आणि ‘टॅली’ हा खाचा पाडून हिशेब ठेवण्याच्या काठीवरून. या दोहोंच्या मागे लॅटिन ‘तालेआ’, म्हणजे कापलेली काठी किंवा फांदी, हा शब्द आहे. गंमत अशी की टॅली आणि शिंपी हे एकमेकांचे नातलग खरेच आहेत, फक्त ‘टेल’ त्या घरातला नाही.

‘तुल्’विषयीचा दावा ध्वनिनियमांपुढे टिकत नाही. संस्कृत आणि इंग्रजी यांचे मूळ एक असले, तरी समान शब्दांत संस्कृतातील ‘त’च्या जागी इंग्रजीत सामान्यतः ‘थ’ येतो: त्रि आणि ‘थ्री’, तनु आणि ‘थिन’. इंग्रजीच्या आरंभीच्या ‘ट’समोर संस्कृतात ‘द’ उभा असतो: दश आणि ‘टेन’, द्वि आणि ‘टू’. म्हणून ‘तुल्’पासूनच्या ‘तुला’, म्हणजे तराजू, या शब्दाचा इंग्रजी नातलग शोधायचा तर तो ‘थ’ने सुरू व्हायला हवा, आणि तो तसा आहेही: सोसणे या अर्थाचा ‘थोल’ हा जुना शब्द, जो आता मुख्यतः स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडच्या बोलींत उरला आहे. शिवाय एकाच मुळापासून आलेला शब्द हा दुसऱ्या भाषेतून ‘घेतलेला’ शब्द नव्हे, हा भेदही त्या मजकुराने पाळलेला नाही.

संस्कृताशी साम्यच दाखवायचे होते, तर ते ध्वनीत नव्हे, अर्थात शोधायला हवे होते. ‘ख्या’ या धातूपासून सांगण्याचे ‘आख्यान’ही होते आणि मोजण्याची ‘संख्या’ही. फ्रेंचमध्येही मोजण्याचे ‘कोंते’ आणि गोष्ट सांगण्याचे ‘कोंते’ उच्चाराने एकच असून, दोन्ही लॅटिन ‘कोम्पुतारे’ या एकाच क्रियापदापासून आले आहेत. घटना एकामागून एक क्रमाने मांडणे हीसुद्धा एक गणतीच असल्यामुळे हे अर्थ निरनिराळ्या भाषांत शेजारी आले, आणि त्यासाठी कोणा एका भाषेने दुसरीकडून शब्द उचलण्याची गरज पडली नाही.