उशिरा व कमी दाबाने

पुण्यात राहणाऱ्या माणसाला गुरुवार समजावून सांगावा लागत नाही. आदल्या दिवशी पेपरात कोपऱ्यात चौकट येते, देखभाल दुरुस्तीच्या कामासाठी गुरुवारी पाणी बंद, आणि खाली ते ठरलेलं वाक्य असतं, "शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने पाणीपुरवठा होईल." मग बुधवारी रात्री आपण घरातली यच्चयावत भांडी भरतो, पातेली, कळशा, पिंपं, आमच्या हिने एकदा पुरणयंत्र सोडून सगळं भरलं होतं, आणि शुक्रवारी नळ सोडला की आधी फुसफुस हवा, मग खोकल्याची उबळ, मग लालसर गढूळ आणि मग कधीतरी पाणी. पण आधी सांगतात हो. एवढं तरी आहे.

कॉम्प्युटरवाल्यांचाही असाच एक वार असतो हे मला भाच्याने सांगितलं, तो हिंजवडीला असतो. मायक्रोसॉफ्टने २००३ साली ठरवलं म्हणे की दुरुस्त्या सुट्या सुट्या न देता महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी एकगठ्ठा द्यायच्या. त्याला ते पॅच ट्यूजडे म्हणतात. त्यांचे सकाळचे दहा म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेदहा, थंडीत साडेअकरा, म्हणजे आपण अंथरुणं घालतोय आणि तिकडून दुरुस्त्या निघाल्या. त्यांचा मंगळवार, आपला गुरुवार. फरक इतकाच की आपल्याला बादल्या भरायला वेळ मिळतो.

माझ्या लॅपटॉपात कुठली सिस्टीम आहे ते नाव मी घेणार नाही. आमची आजी आजोबांचं नाव घ्यायची नाही, "हे" म्हणायची आणि सगळ्यांना कळायचं, तसं. शिवाय एकाचं नाव घेतलं की बाकीचे लगेच साळसूद चेहरा करतात, आणि तसं काही नाहीये, माझा फोन, टीव्ही, गेल्या दिवाळीत घेतलेलं घड्याळ, सगळ्यांना तीच खोड आहे. तुम्ही आपापल्या घरातलं नाव घालून वाचा.

तर मी आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी. निवडून आलो नाही, त्या सभेला मी पाच मिनिटं उशिरा पोचलो एवढाच माझा गुन्हा. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते आणि सभेच्या आधी चौदा पूर्ण दिवसांची नोटीस द्यावी लागते. पूर्ण म्हणजे नोटीस दिल्याचा दिवस धरायचा नाही, सभेचा दिवस धरायचा नाही, मधले चौदा. आणि हे दिवस मोजायला आमच्याकडे सी विंगमध्ये एक काका आहेत. रिटायर्ड. तेराच दिवस भरले तर ते उपनिबंधकांकडे अर्ज करतील असं नाही, त्यांनी अर्ज आधीच लिहून ठेवलेला असतो, फक्त तारीख घालायची बाकी असते. सभा २८ ला रविवारी, म्हणजे नोटीस १३ तारखेला शनिवारी लागलीच पाहिजे. अजेंडा तयार होता. मागच्या वर्षीचीच फाइल, तारखा बदलायच्या आणि "लिफ्टबाबत चर्चा करणे" हा विषय तसाच ठेवायचा, तो आठ वर्षं तसाच आहे.

शुक्रवारी रात्री लॅपटॉप बंद करायला गेलो तर दोनच पर्याय. अपडेट करून बंद करा, किंवा अपडेट करून पुन्हा सुरू करा. नुसतं बंद करा हा पर्याय गायब. आधी तीन आठवडे तो मला विचारत होता, आत्ता करू की रात्री करू. नको असं म्हणायची सोयच नव्हती, म्हणजे मुलगी बघायला आलेल्या लोकांनी चहा घेणार की कॉफी विचारावं आणि तेवढंच तिला विचारावं तसला प्रकार. मी दर वेळी "नंतर आठवण करा" दाबत गेलो. शेवटी त्याने मला विचारणं बंद केलं. मी "अपडेट करून बंद करा" दाबलं आणि झोपलो.

पहाटे पाणी प्यायला उठलो तर हॉलमध्ये निळा उजेड आणि पंख्याची घरघर. बंद व्हायला सांगितलेला प्राणी टक्क जागा. स्क्रीनवर ठिपके गोल गोल फिरतायत आणि खाली, ३५ टक्के पूर्ण, कॉम्प्युटर बंद करू नका. पक्षपंधरवडा चालू होता. या दिवसांत आमच्याकडे नवा चमचासुद्धा घेत नाहीत, याने अख्खी नवी सिस्टीम घ्यायला काढलेली.

सकाळी आठला ३५ टक्के. नऊला ३५. हिने बघितलं आणि म्हणाली, "अहो, हे अडकलंय." मी म्हटलं अडकलं नाही, विचार करतंय. साडेनऊला एकदम ७२ झालं, मला इतका आनंद झाला की मी बिल्डिंगमध्ये फोन करून सांगायचा बाकी होतो, मग १०० झालं, मग स्क्रीन काळी झाली, मग पुन्हा ठिपके आणि १ टक्का. हे १ टक्का बघून माणसाच्या आत काय होतं ते सांगता येत नाही. शेकडो पायऱ्या चढून जेजुरी समजून वर पोचावं आणि तो भलताच डोंगर निघावा. त्यात मनात सारखी धास्ती की आता लाईट गेली तर? बॅटरी चार वर्षांची आहे, ती चार्जर काढल्यावर फक्त निरोप घेण्यापुरती टिकते.

भाच्याला फोन लावला.

"मामा, हात लावू नका, होऊ दे."

"अरे पण मी याला बंद करायला सांगितलं होतं."

"तसं कधी कधी होतं मामा. पण अपडेट टाळू नका हं, सिक्युरिटीसाठी असतं ते." आणि मग त्याने मला २०१७ ची गोष्ट सांगितली, मार्च महिन्यात भोक बुजवणारा अपडेट आला होता, लोकांनी नंतर आठवण करा, नंतर आठवण करा केलं, आणि मेमध्ये वॉनाक्राय नावाचा व्हायरस आला, ब्रिटनमधल्या हॉस्पिटलांचे कॉम्प्युटर बंद पडले, पडद्यावर खंडणीची चिठ्ठी. आणि जूनमध्ये त्याचा भाऊबंद नॉटपेट्या आला, त्याने तर आपल्या न्हावाशेवाला, जेएनपीटीत, एका टर्मिनलचं काम ठप्प केलं. मी ओशाळलो. माझ्या एका नंतर-आठवण-करामुळे कंटेनर अडकले असते असं वाटायला लागलं. दुपारी पोळी खाता खाता फोनवर त्याच नॉटपेट्याबद्दल वाचलं तर तो युक्रेनमधल्या एका हिशोबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच घुसला होता! म्हणजे ज्यांनी शहाण्यासारखं अपडेट केलं त्यांच्याच घरी आधी. मी भाच्याला परत फोन केला. त्याने उचलला नाही.

मग हे वाचायचा नादच लागला, कारण दुसरं काम नव्हतं, लॅपटॉप ६४ टक्क्यांवर होता. २०१४ च्या सप्टेंबरात ॲपलने आयफोनसाठी एक दुरुस्ती काढली, ती टाकल्यावर नव्या आयफोन ६ चं नेटवर्कच गेलं, म्हणजे फोनमध्ये सगळं आहे फक्त फोन नाही. तासाभरात मागे घेतली बिचाऱ्यांनी. २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने २ ऑक्टोबरला विंडोज १० चा मोठा अपडेट सोडला, त्यात काही लोकांच्या डॉक्युमेंट्स आणि फोटोंच्या फाइल्सच पुसल्या गेल्या, दोनचार दिवसांत थांबवला, दुरुस्त करून नोव्हेंबरात परत आणला. गांधी जयंतीचा मुहूर्त होता, अपरिग्रह फारच मनावर घेतलेला दिसतो. आणि १९ जुलै २०२४ तर आपल्या सगळ्यांना आठवतो, क्राउडस्ट्राइक नावाच्या कंपनीची एक बारकीशी फाइल चुकली आणि जगभरातले ८५ लाख कॉम्प्युटर निळे पडले. ती कंपनी सुरक्षेचं काम करते. वॉचमननेच जिन्यात तेल सांडावं तसं.

दुपारी सव्वादोनला एकदाचा लॅपटॉप उघडला. "हाय" म्हणाला. मग म्हणाला, तुमच्यासाठी सगळं तयार करतोय. मी सकाळपासून उपाशी असल्यासारखा बसलोय आणि हा मला हाय म्हणतो. मग एकेक प्रश्न. अमुक ब्राउझर घेता का, फोन जोडता का, फोटो ढगात ठेवता का, तुमच्या आवडीच्या जाहिराती दाखवू का. सगळं नको नको करत आत गेलो तर जिथे जे होतं तिथे ते नव्हतं. आमच्या हिने दिवाळीच्या आधी फडताळ आवरलं की जिऱ्याच्या डब्यात लवंगा आणि लवंगांच्या डब्यात सेफ्टी पिना निघतात, पण तिला विचारता तरी येतं.

अजेंडाची फाइल सापडली. उघडली. आता ही फाइल जुन्या फॉन्टातली, युनिकोड, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठी दिसतं ती पद्धत, येण्याआधीचा, आमच्या आधीच्या सेक्रेटरींचा वारसा, सगळे कॉम्प्युटरवाले सांगतात हे बदला आणि आम्ही पुढच्या वर्षी बदलणार असतो. अपडेटने तो फॉन्ट कुठे नेऊन ठेवला देव जाणे. "सर्व सभासदांस कळविण्यात येते की" च्या जागी इंग्रजी एल, मोठा एच, कंस, डॉलर, अर्धविराम, परत कंस. दीड पान. खरं सांगू का, लिफ्टबाबतची आठ वर्षांची चर्चा वाचल्यावर साधारण हेच हाती लागतं, पण सी विंगच्या काकांना ते चाललं नसतं.

नवीन टाइप करायला घेतलं. चाळीस मिनिटांत झालं. प्रिंट दिली. प्रिंटर ऑफलाइन. प्रिंटर माझ्या शेजारी, वायरने जोडलेला, हिरवा दिवा लावून बसलेला, मी त्याच्यावर हात ठेवून लॅपटॉपला म्हटलं हा बघ, हा इथे आहे, तर म्हणे ऑफलाइन. वायर काढली, घातली. दोघांना बंद केलं, चालू केलं. मग लॅपटॉपला एक दुसराच प्रिंटर दिसायला लागला, त्याच नावाचा, पुढे कॉपी १ लिहिलेला. माझ्याकडे एकच प्रिंटर आहे हे त्याला पटेना. बॅटरीच्या चिन्हाशेजारी मात्र एक छानसा ढग आणि सूर्य आला होता, बाहेर २७ डिग्री आहे असं सांगायला. खिडकीशेजारी बसतो मी.

पाच वाजले. भाच्याने आता फोन उचलला. "मामा, हा माहीत असलेला बग आहे, पुढच्या अपडेटमध्ये निघेल."

हे ऐकलं आणि मला आमच्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग आठवलं. पाचव्या मजल्यावर गळत होतं, काम केलं, पाचवा मजला कोरडा आणि चौथ्यावर गळायला लागलं, कॉन्ट्रॅक्टर म्हणाला साहेब हे नेहमीचंच आहे, पुढच्या सीझनला करू, करून घेतलं, आता थेट पार्किंगमध्ये गळतं. मधले मजले कसे सुटले हे कोणाला माहीत नाही. पण तो प्रत्येक वेळी काम पूर्ण झाल्याचं सर्टिफिकेट देतो, तेही अगदी तसंच, तुमची सिस्टीम अद्ययावत आहे, हिरवी बरोबरची खूण.

शेवटी मी वहीतला कोरा कागद फाडला. क्राउडस्ट्राइकच्या त्या जुलैमध्ये विमानतळावर लोकांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले होते ना, विमानं उडालीच की त्याच्यावर. माझी तर नुसती सभा. "सर्व सभासदांस कळविण्यात येते की" पासून "आपला विश्वासू" पर्यंत सगळं एकटाकी, चुकलं तिथे खोडलं, खोडलं तिथे सही केली, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेलो. तो दुकान आवरत होता. त्याच्या काउंटरवर कॉम्प्युटर होता, त्याच्यावर ठिपके गोल गोल. आम्ही एकमेकांकडे बघितलं. पण झेरॉक्सचं मशीन जुनं, त्याला नेट माहीतच नाही, बावन्न प्रती खटाखट काढल्या त्याने. संध्याकाळी सात ते नऊ जिने चढलो, लिफ्ट बंद होती, त्याबाबत चर्चा करायची आहे. सी विंगच्या काकांनी चष्मा लावला, तारीख बघितली, बोटांवर मोजलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जी निराशा पसरली ती माझी त्या दिवसाची एकमेव कमाई. तरी म्हणाले, "हस्ताक्षर सुधारा."

पुढच्या रविवारी पाण्याच्या टाकीची सफाई होती. मी बोर्डावर लिहिलं होतं, सकाळी दहा ते बारा पाणी बंद राहील, गैरसोयीबद्दल क्षमस्व. अकराला तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा फोन, "अहो सेक्रेटरी, डोक्याला शिकेकाई लावलीय, आत्ताच करायचं होतं का हे? रात्री नसतं आलं?" मी म्हटलं थांबा बघतो. गच्चीवर गेलो, टाकीत वाकून मुलाला विचारलं किती झालं रे. म्हणाला, सत्तर टक्के. बारा वाजता परत काकूंचा फोन, परत वर गेलो, किती झालं. झालंच साहेब, सत्तर टक्के. साडेबारालाही सत्तर टक्केच होते.

मग मी कठड्यावरून वाकून ओरडलो, "काकू, थोडा वेळ लागू शकतो. नळ बंद करू नका."