कूर्चा म्हणजे रबरी वॉशर नव्हे

“गुडघ्यातली कूर्चा म्हणजे निर्जीव रबरी वॉशर. चालून चालून झिजतो, तेव्हा चालणं कमी करा. रोज कोलॅजनची पावडर घ्या, वॉशर पुन्हा भरून येतो.” हा मजकूर फिरत फिरत तुमच्याही फोनवर आला असेल. कूर्चा म्हणजे सांध्यात हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत अस्तर. एकेक दावा बघू.

निर्जीव? कूर्चेचा रंगवलेला पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवा. काचेसारख्या एकसंध पसाऱ्यात बारीक पोकळ्या दिसतात आणि त्यांत पेशी. पृष्ठभागाशी चपट्या, आडव्या. मध्ये गोलसर, विखुरलेल्या. खोलात नाण्यांची चळत लावावी तशा उभ्या रांगेत. त्याखाली एक अस्पष्ट रेघ, मग कॅल्शियम साचलेला थर, मग हाड. पेशींचा वाटा आकारमानाच्या जेमतेम दोनेक टक्के, पण भोवतालचा सगळा पसारा त्यांनीच विणलेला.

रबर तर मुळीच नाही. वजनाचे ६५ ते ८० टक्के नुसतं पाणी! ते धरून ठेवतो ॲग्रिकन, बाटली धुण्याच्या ब्रशसारखा केसाळ रेणू. त्याच्यावरचा ऋण विद्युतभार पाणी ओढून घेतो, त्याला फुगायचं असतं. कोलॅजनच्या तंतूंची जाळी त्याला फुगू देत नाही. आपलं वजन पेलतं ते या ओढाताणीवर.

चालणं कमी करा हा सल्ला तर उलटाच. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. पेशींना पोषण मिळतं ते सांध्यातल्या द्रवातून झिरपून, आणि दाब पडला-सुटला की पाण्याची ये-जा होते. सांधा बरेच दिवस जखडून ठेवला तर ॲग्रिकनसारखे रेणू घटतात, कूर्चा मऊ पडते. (तिच्यात संवेदना नेणारे मज्जातंतूही नाहीत, गुडघा दुखतो तो खालच्या हाडामुळे, सांध्याच्या आवरणामुळे.) दुखापत झालेल्या किंवा सुजलेल्या गुडघ्याची गोष्ट वेगळी, तिथे डॉक्टरांचं ऐका.

राहिली पावडर. कोलॅजन हे प्रथिन. पचनात त्याचे अमिनो आम्लं आणि छोटे तुकडे होतात. त्यांच्यावर ‘गुडघा’ असा पत्ता लिहिलेला नसतो. दुखणं थोडं कमी होतं का, हा निराळा प्रश्न. इथे दावा भरून येण्याचा आहे. १९५०-६०च्या दशकांतल्या अणुचाचण्यांनी हवेत वाढलेल्या कार्बन-१४ या किरणोत्सर्गी कार्बनच्या खुणा (त्या काळात शरीरात जे नव्याने बनलं त्यात तो उतरला) गुडघ्याच्या कूर्चेत शोधल्या गेल्या, तेव्हा २०१६ साली दिसलं की वाढ पूर्ण झाल्यावर तिथलं कोलॅजन जवळपास बदलतच नाही. इजा हाडापर्यंत गेली तर हाडातल्या मज्जेतून पेशी येतात आणि खड्डा बुजवतात खऱ्या, पण सूक्ष्मदर्शकाखाली तो काचेसारखा पसारा नसतो; दिसतात त्या जाडसर तंतूंच्या जुड्या.