६४ केबीत बसवलेले गेम गेले कुठे?

राज्य मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये ॲनिमेशन आणि गेमिंगसाठी स्वतंत्र धोरण मंजूर केलं. त्याच वर्षी मे महिन्यात मुंबईत मनोरंजन आणि माध्यम क्षेत्राची वेव्हज परिषद झाली. दोन्ही गोष्टींचा मला आनंद आहे. पण त्यानिमित्ताने "आपल्याकडे गेमिंग आता कुठे सुरू होतंय" असं कुणी म्हणालं की राग येतो. मी नवी मुंबईत महापे एमआयडीसीत मोबाइल गेम बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत होते. ती कंपनी आज नाही आणि तिचा एकही गेम कुठे मिळत नाही.

स्मार्टफोनच्या आधीचा, तेव्हाचा फोन आठवा. नोकियाच्या साध्या कलर फोनवर जावा गेम चालायचे. स्क्रीन १२८ बाय १२८ पिक्सेलचा, आणि बऱ्याच मॉडेल्सवर गेमची अख्खी फाइल ६४ केबीच्या आत बसवावी लागायची. चित्रं, आवाज, कोड, सगळं धरून! आज व्हॉट्सॲपवर येणारा 'शुभ सकाळ'चा फोटोही याहून मोठा असतो. आमचा आर्टिस्ट सगळी चित्रं एकाच लांब पट्टीत बसवायचा, कारण प्रत्येक पीएनजी (चित्राच्या) फाइलला स्वतःचं हेडर, म्हणजे सुरुवातीची माहिती, असतं आणि तेवढे बाइट्स फुकट जातात. बॅट्समन उजव्या हाताचाच काढायचा. डावखुरा हवा असेल तर तोच कोडमधून उलटा करायचा. मेनू मराठीत असावा असं आम्हा दोघा-तिघांना फार वाटायचं. पण बहुतेक फोनमध्ये देवनागरी फाँटच नसे, म्हणजे प्रत्येक शब्द चित्र म्हणून घालायचा. त्यात चार-पाच केबी जायचे आणि तेवढ्यात एक लेव्हल बसायची. लेव्हल राहिली, मराठी गेलं.

गेम तयार झाला की पोर्टिंगची, म्हणजे तो प्रत्येक फोनवर चालेल असा करण्याची, हमाली सुरू. नोकिया, सोनी एरिक्सन, मोटोरोला, सॅमसंग. प्रत्येकाचा स्क्रीन वेगळा, की-कोड वेगळे, मेमरी वेगळी. गेम चालू असताना कॉल आला तर गेम थांबला पाहिजे, आणि कॉल संपल्यावर स्कोअर न जाता तिथूनच पुढे सुरू झाला पाहिजे. एका मॉडेलवर कॉल संपला की स्क्रीन पांढरा पडायचा. आमची टेस्टर एका फोनवरून दुसऱ्यावर दिवसेंदिवस कॉल लावत बसली. कॉलनंतर स्क्रीन पुन्हा रंगवायची सूचना तो फोन गेमला देतच नाही, हे शेवटी तिनेच शोधून काढलं. ही इंजिनिअरिंगच होती, आणि अव्वल दर्जाची होती.

विक्री व्हायची मोबाइल ऑपरेटरच्या पोर्टलवरून: एअरटेल लाइव्ह, हच, रिलायन्सचं आर-वर्ल्ड. पैशातला मोठा वाटा ऑपरेटरचा, मग मधल्या ॲग्रिगेटरचा (स्टुडिओंचे गेम गोळा करून ऑपरेटरला देणाऱ्या कंपनीचा), उरलेलं स्टुडिओला आणि तेही उशिरा. गेम उघडला की लोगो ॲग्रिगेटरचा दिसायचा. बनवणाऱ्यांची नावं टाकायला जागा नाही, असं आम्हाला सांगितलं जायचं. दहा नावांना किती बाइट्स लागतात?

२००८ मध्ये ॲपलचं ॲप स्टोअर आणि अँड्रॉइड मार्केट दोन्ही आले आणि ऑपरेटरचं दुकान हळूहळू बसत गेलं. २०१३ मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने ऑपरेटरच्या अशा सशुल्क सेवांसाठी ग्राहकाची दुहेरी, म्हणजे दोनदा घेतलेली, संमती सक्तीची केली. ते योग्यच होतं, कारण न विचारता बॅलन्स कापला जाण्याच्या तक्रारी घरोघरी होत्या. आमचं ऑफिस त्याआधीच बंद झालं होतं. कॉम्प्युटर भंगारात गेले, सर्व्हरही गेला. कॉपी काढून ठेवा असं कुणी कुणाला सांगितलं नाही.

मोठ्या कंपन्यांची नावंही टिकली नाहीत. मुंबईत १९९९ मध्ये विशाल गोंडल यांनी सुरू केलेली इंडियागेम्स घ्या. स्पायडरमॅनवर मोबाइल गेम करणारी ही कंपनी २००५ मध्ये चीनच्या टॉम ऑनलाइनकडे गेली, २००७ मध्ये यूटीव्हीकडे आणि यूटीव्हीबरोबर २०१२ मध्ये डिस्नेकडे. कंपनी असे हात बदलत गेली की जुन्या गेमचे हक्क कागदावर कुणाचे तरी असतात, पण ते सांभाळण्यात कुणालाच रस नसतो. त्यात परवान्यावर केलेला गेम असेल तर परवाना संपल्यावर तो मालकालाही विकता येत नाही.

पुस्तक छापलं की त्याची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात द्यावी लागते, असा १९५४ चा कायदा आहे. सिनेमासाठी १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघालं. त्याला इतका उशीर झाला की 'राजा हरिश्चंद्र'सुद्धा आज आपल्याकडे अपुराच आहे. गेमच्या बाबतीत हेच पुन्हा घडतंय. अमेरिकेत २०२३ मध्ये झालेल्या पाहणीत २०१० आधीचे तिथले ८७ टक्के गेम बाजारात मिळत नसल्याचं दिसलं. तिथे मोजणारं कुणीतरी आहे. आपल्या धोरणातून स्टुडिओंना पैसा मिळणार असेल, तर प्रत्येक गेमची एक चालू प्रत आणि बनवणाऱ्यांची नावं सरकारकडे जमा करण्याची अट त्यात घालाच.

तोवर आपण सुरुवात करू. महापे, रबाळे, वाशी, बेलापूर किंवा ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये २००२ ते २०१२ दरम्यान गेमचं काम केलेल्यांनी जुन्या सीडी, पेन ड्राइव्ह, मेमरी कार्ड काढून बघा. जार आणि जॅड फाइल (जावा गेम याच फाइल्समध्ये असायचे) दिसली की आधी दोन ठिकाणी कॉपी करा. जुने जावा गेम चालवणाऱ्या जे२एमई लोडर या अँड्रॉइड ॲपमध्ये जार फाइल बहुधा चालते. प्रसिद्ध करायची की नाही ते हक्क बघून नंतर ठरवता येईल. त्या फाइलसोबत कोड कुणी लिहिला, चित्रं कुणी काढली, टेस्टिंग कुणी केलं ही नावं लिहून ठेवा. टेस्टिंगची एक्सेल शीट सापडली तर तीही जपा, कारण कुठल्या फोनवर काय बिघडायचं ते फक्त तिच्यातच लिहिलेलं असतं.