काकांचा प्रश्न राहिलाच

पुन्हा तेच! काल सकाळी बेळगावात टिळकवाडीत चहाला बसलो होतो. शेजारचे काका, पेन्शनीतून दर महिन्याला एसआयपी (शेअर बाजारात पैसे लावणाऱ्या म्युच्युअल फंडाचा ठरावीक हप्ता) भरणारे, एवढंच विचारत होते, "चालू ठेवू की थांबवू?" मोबाईल पुढं धरलेला, हात थरथरत होता. कुणी ऐकेल तर शपथ! दोन मिनिटांत गाडी दिल्लीवर, तिथून लॉकडाऊनवर. एक म्हणतो त्यानंच देश बुडाला, दुसरा म्हणतो नाहीतर माणसं मेली असती. मग कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरचा कोगनोळी नाका आलाच. २०२१ ला कोरोनाचा आरटी-पीसीआर तपासणी अहवाल नाही म्हणून कोण कोण परत फिरलं, चूक बेंगळूरच्या सरकारची की मुंबईच्या, आवाज पार रस्त्यापर्यंत.

अरे, २३ मार्च २०२० ला शेअर बाजाराचा निर्देशांक सेन्सेक्स एका दिवसात ३,९३४ अंकांनी पडला. पुढच्या एप्रिल-जूनमध्ये जीडीपी, म्हणजे देशाचं एकूण उत्पादन, वर्षापूर्वीच्या त्याच तिमाहीपेक्षा जवळपास २४ टक्क्यांनी आक्रसला, आणि त्याच तीन महिन्यांत बाजार वर चढत होता! जानेवारी २०२१ मध्ये सेन्सेक्स ५०,००० ला शिवला. मार्च २०२० मध्ये घाबरून ज्यांनी विकलं त्यांचे पैसे गेले ते गेलेच, मत कुणालाही दिलेलं असो. यावर बोला की!

काका अर्धा चहा टाकून उठले. कुणी मान वळवूनसुद्धा बघितलं नाही.