डग्गा कुठे गेला?

माझ्या स्पीकरांवर तबल्याचा 'ना' टणटणीत वाजायचा, पण डग्गा मात्र शेजारच्या गावात वाजत असावा असा. पाच इंची स्पीकर, बिचारे किती हवा हलवणार? मित्र म्हणाला, "सबवूफर लाव, नुसत्या खर्जाचा स्पीकर." हा मित्र बंगल्यात राहतो, हे माझ्या लक्षात राहायला हवं होतं.

अठरा किलोचं खोकं धापा टाकत वर आणलं. आईचा चेहरा उजळला, "घरघंटी आणलीस?" स्पीकर आहे म्हटल्यावर ती काही न बोलता आत गेली.

खोकं टीव्हीच्या कोपऱ्यात बसवलं. स्वयंपाकघरात ताटल्या थरथरल्या, वाट्यांनी साथ धरली. मी बसतो त्या खुर्चीत मात्र शांतता. आमचा हॉल बारा फुटी. बारा फुटांच्या दोन भिंतींमध्ये ४७ हर्ट्झच्या आसपासचा सूर भिंतींपाशी फुगतो आणि बरोब्बर मध्यावर जवळपास नाहीसा होतो. माझी खुर्ची बरोब्बर मध्यावर. पैसे माझे, डग्गा भिंतींना!

यावरचा उपाय जाणकार लोक गंभीर चेहऱ्याने सांगतात. सबवूफर आपल्या खुर्चीत ठेवायचा, तोच तुकडा पुन्हा पुन्हा लावायचा आणि आपण भिंतीकडेने रांगत हिंडायचं. जिथे खर्ज गोल, भरीव ऐकू येईल, ती सबवूफरची जागा. तेव्हा खोकं खुर्चीत ऐसपैस बसलं आणि पन्नाशीचा मी लेंगा सावरत सोफ्यामागून निघालो. वाटेत दोन रबरबँड, एक चिंचोका आणि गेल्या दिवाळीतली पणती सापडली.

"काय हरवलं रे?" आई.

"डग्गा."

"पखवाजाला कणीक लावतात, तशी लावून बघ त्या खोक्याला."

उत्तम जागा दोनच निघाल्या. एक देव्हाऱ्याखाली, तिथे निरांजनानेही ठेका धरला असता. ती आईने नुसत्या नजरेने फेटाळली. दुसरी गव्हाच्या कोठीची. कोठी बेडरूममध्ये गेली. त्याबद्दल बायको अजून बोलते आहे.

क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचे सूर सबवूफरने सांभाळायचे ती सीमा, ८० हर्ट्झवर ठेवला. राहिलं फेजचं बटण, म्हणजे सबवूफरने बाकीच्या स्पीकरांबरोबर हलायचं की उलटं: शून्य की १८०? मी बटणापाशी उकिडवा, बायको खुर्चीत.

"आता?"

"तसंच."

"आणि आता?"

"मगाचं बरं होतं."

"मगाचं म्हणजे कुठलं?"

"त्याच्या आधीचं."

चष्म्याचा नंबरसुद्धा इतक्या वेळात निघतो. शेवटी आमटी उतू जायच्या बेताला आली तेव्हा १८० वर एकमत झालं. मी खुर्चीत बसलो, डोळे मिटले, आणि पहिल्या समेवर डग्गा असा घुमला की छातीत जाणवला.

तेवढ्यात बेल वाजली. खालच्या मजल्यावरचे काका. मी आवाज कमी करत माफी मागायला तोंड उघडलं, तर तेच संकोचून म्हणाले, "नाही, तक्रार नाही हो. फक्त विचारायचं होतं, तुमच्याकडे कुणी नुसताच डग्गा शिकतंय का?"