बाबांनी काहीही चुकीचं दाबलं नव्हतं

तीन दिवस झाले, डोकं शांत व्हायला तयार नाही.

बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेले, नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या घरी राहतात. ताईच्या लग्नाचा व्हिडिओ पेनड्राइव्हमध्ये होता, कॉम्प्युटरवर चालेना. कुणीतरी म्हटलं, व्हीएलसी हे व्हिडिओ चालवणारं सॉफ्टवेअर टाका. बरोबरच सांगितलं होतं. व्हीएलसी फुकट आहे, त्यात जाहिराती नाहीत, आणि मिळतं व्हिडिओलॅन डॉट ऑर्ग या त्याच्याच साइटवर. पण बाबांनी गुगलवर नाव टाकलं आणि सगळ्यात वर जे दिसलं ते उघडलं. ती होती जाहिरात, भलत्याच साइटची. आता सगळ्यात वरचं उघडू नये, हे शाळेत पस्तीस वर्षं शिकवलेल्या माणसाला कुणी कधी सांगितलं होतं?

त्या पानावर तीन जाडजूड हिरवी बटणं, तिन्हींवर 'डाउनलोड'. फाइल उतरली, उघडली, तर पुढे खरा फास. 'एक्सप्रेस, रेकमेंडेड' यावर आधीच टिंब लावलेलं. खाली 'कस्टम' इतक्या फिक्या राखाडी रंगात, की बंदच आहे असं वाटावं. तिथे गेलात तरच कळतं की आत तीन चौकोनांत बरोबरच्या खुणा आधीच करून ठेवल्यात: एक ब्राउझर, एक सर्च बार आणि एक कॉम्प्युटर साफ करणारं सॉफ्टवेअर. त्यानंतर मोठं निळं 'अ‍ॅक्सेप्ट' आणि कोपऱ्यात मुंगीएवढं 'डिक्लाइन'. बाबांना वाटलं, व्हीएलसीच्या अटी मान्य करायच्यात. कुणालाही तेच वाटेल, कारण तसंच वाटावं म्हणून ते बनवलंय!

आणि लोक म्हणतात, वाचून दाबायचं ना. अरे, ते वाचतात! स्क्रीनवर बोट ठेवून एकेक इंग्रजी शब्द वाचतात. मग स्क्रीन काळवंडते आणि विंडोज विचारतं, या अ‍ॅपला बदल करू द्यायचे का, हो की नाही. हाच प्रश्न चांगल्या सॉफ्टवेअरलाही येतो आणि भिकारड्यालाही. तिथे पाहायची ओळ एकच, 'व्हेरिफाइड पब्लिशर'. व्हीएलसी टाकताय तर तिथे व्हिडिओलॅन हवं. दुसरं नाव असेल किंवा 'अननोन' असेल, तर सरळ 'नो'. एवढी एक गोष्ट मी बाबांना आधी सांगायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी ब्राउझरचं पहिलं पान बदललेलं आणि कोपऱ्यात सारखी लाल पाटी, तुमच्या कॉम्प्युटरमध्ये हजार बिघाड, पैसे भरा. बाबा घाबरले. भर उन्हात सीपीयू ऑटोत घालून सीताबर्डीवरच्या एका दुकानात घेऊन गेले. तिथला पोरगा सगळ्यांसमोर म्हणाला, "काका, काहून दाबता बे कुठंही?"

बे! माझ्या बाबांना!

आणि सरळ फॉर्मॅट मारला. सेटिंग्जमध्ये जाऊन ती तीन भुतं अनइन्स्टॉल करायची आणि ब्राउझर रीसेट करायचा, अर्ध्या तासाचं काम. डेस्कटॉपवर काही ठेवलंय का, हेसुद्धा विचारलं नाही. तिथे 'शाळा' नावाचं फोल्डर होतं. निरोप समारंभाचे फोटो, जुन्या विद्यार्थ्यांची पत्रं, सगळं बाबांनी एकेक करून स्कॅन केलेलं. गेलं. वर सहाशे रुपये घेतले.

रविवारी मी जाऊन व्हीएलसी टाकलं. दोन मिनिटं लागली. लग्नाचा व्हिडिओ सुरू झाला, मंगलाष्टकं लागली, आणि बाबांनी आवाज वाढवायला माउसकडे हात नेला नि मागे घेतला.

"हे दाबू का रे?" म्हणाले.