खुलासा: प्लास्टिक मिसळलेला रस्ता उन्हात वितळत नाही

घोडबंदर रोडकडच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय: 'डांबरात प्लास्टिक घातलेला रस्ता उन्हात वितळतो, टायर चिकटतात.' चूक. रस्त्यावर प्लास्टिकची चादर अंथरत नाहीत हो! पिशव्यांचे बारीक तुकडे सुमारे 160 अंशांवर तापवलेल्या खडीवर टाकतात. वितळून प्रत्येक खड्याला पातळ लेप बसतो, मग डांबर. प्रमाण डांबराच्या वजनाच्या जेमतेम 6 ते 8 टक्के. मदुराईच्या प्रा. वासुदेवन यांची ही पद्धत. मे महिन्यात रस्ता तापून साठेक अंशांवर जाईल; पिशवी वितळायला शंभरावर लागतात. चपलेला चिकटतं ते साधं डांबर. प्लास्टिकमुळे उलट ते कमी मऊ पडतं. पीव्हीसी (पाइपांचं प्लास्टिक) मात्र यात चालत नाही, तापवल्यावर विषारी वायू सुटतो. आणि खाली पाणी तुंबलं, तर खड्डे याही रस्त्याला पडतात.